प्रतिपक्षाच्या हातातही टिकेल असा पुरावा

पनवेलच्या सत्र न्यायालयानं एप्रिल २०२५मध्ये एका खुनाच्या खटल्याचा निकाल दिला, तेव्हा ज्यांचा खून झाला त्यांचा मृतदेह सापडलेला नव्हता. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे ११ एप्रिल २०१६पासून बेपत्ता होत्या. त्या कळंबोलीत राहत. त्यांच्याच खात्यातला वरिष्ठ अधिकारी अभय कुरुंदकर याला डिसेंबर २०१७मध्ये अटक झाली. मधल्या काळात, जानेवारी २०१७मध्ये, त्याला राष्ट्रपतींचं पोलीस पदकही जाहीर झालं होतं. देहाचे तुकडे करून ते वसईच्या खाडीत टाकल्याचं तपासात पुढे आलं. खाडीत शोध घेऊनही काही हाती लागलं नाही. तरीही न्यायालयानं खून सिद्ध झाल्याचं मानून जन्मठेप सुनावली. या निकालामागे परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी होती आणि तिच्या कड्यांमध्ये फोनचे ठावठिकाणे आणि संदेश होते.

देह नसताना खून सिद्ध करायचा, तर माणसांनी मागे सोडलेल्या खुणांवरच भिस्त ठेवावी लागते. फ्रान्समधल्या लिऑन शहरात एडमंड लोकार्डनं १९१०मध्ये पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभी केली. दोन गोष्टींचा संपर्क आला की प्रत्येकीची काही खूण दुसरीवर राहतेच, हे त्याचं सूत्र. त्याच्या नजरेपुढे होती ती धूळ, कपड्याचे धागे, केस. आपण दिवसभर ज्या खुणा सोडतो त्या डोळ्यांना दिसत नाहीत. फोन नुसता खिशात असला तरी टॉवरशी बोलत असतो, आणि त्या बोलण्याची नोंद कंपनीकडे होत असते. पण ती नोंद सांगते ते इतकंच, की अमुक वेळी अमुक फोन अमुक टॉवरच्या टप्प्यात होता. तो कुणाच्या हातात होता, हे टॉवरला ठाऊक नसतं. न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचं अनुमान सांगितलं आहे, पण त्याआधी समोर दिसतोय तो धूरच आहे, धुकं नाही, याची खात्री करायला सांगितलं आहे. संगणकीय तपासातला बराचसा अभ्यास या दुसऱ्या सूचनेवर चालतो. जो तज्ज्ञ ‘फोन तिथे होता’ असं लिहायच्या जागी ‘आरोपी तिथे होता’ असं लिहितो, त्यानं आपल्या अधिकाराची वेस ओलांडली असं मी समजतो.

या खुणांना आयुष्यही असतं. बिद्रे-गोरे बेपत्ता झाल्या त्या काळी मोबाईल कंपन्यांवर कॉलच्या नोंदी एक वर्ष जपण्याचं बंधन होतं. ते दोन वर्षांचं झालं डिसेंबर २०२१मध्ये. बेपत्ता झाल्याची तक्रार आणि अपहरणाचा गुन्हा दाखल होणं यांत महिने गेले, तर ते महिने या मुदतीतून वजा होतात. रक्ताचा डाग पुसायला कुणाचा तरी हात लागतो. इथे मात्र कुणी काही न करताही, नुसत्या मुदतीनं, पुरावा संपून जातो. बेपत्ता माणसाच्या घरच्यांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवायच्या आणि त्याच वेळी कुठल्याशा सर्व्हरवर तारीख उलटून जायची, हा विचार मनातून सहजी जात नाही.

पनवेल तालुक्याला लिखित पुराव्याची ओळख जुनी आहे. गोव्याच्या रस्त्यावरचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केलेल्या या माणसाला लिहून ठेवायची सवय होती. जुलै १८७९मध्ये ते पकडले गेले. खटल्यात त्यांची दैनंदिनी आणि त्यांनी लिहिलेलं आत्मवृत्त सरकार पक्षानं त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडलं. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बचावाला उभे राहिले. तेव्हा भारतीय पुरावा कायदा होऊन सातच वर्षं झाली होती, आणि १८७२चा तो कायदा पुढे ३० जून २०२४पर्यंत चालला. फडक्यांच्या दैनंदिनीबाबत ‘हे अक्षर कुणाचं’ या प्रश्नाला अर्थ होता. शाई होती, कागद होता, लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण होतं. संगणकातल्या फाइलला हस्ताक्षर नसतं. मूळ आणि नक्कल यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. याज्ञवल्क्य स्मृतीनं लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन मानवी प्रमाणं सांगितली आणि लेखाविषयी संशय आला तर तो कसा पारखावा हेही सांगितलं. त्या पारखीत लिहिणाऱ्याच्या दुसऱ्या अक्षराशी तुलना होती. इथे तुलना करायला अक्षरच नाही. मग पारखायचं ते काय?

यासाठी संगणकीय तपासाचं टेबल जवळून पाहावं. सीलबंद पाकीट येतं. उघडण्याआधी सीलचा, लेबलचा, दोन्ही बाजूंचा फोटो घेतला जातो. लॅपटॉपचं मागचं झाकण काढून डिस्क बाहेर येते. तिच्यावरचा अनुक्रमांक पंचनाम्यातल्या अनुक्रमांकाशी अंकागणिक जुळवला जातो. मग ती डिस्क थेट संगणकाला जोडत नाहीत. मध्ये एक छोटी पेटी असते, राइट ब्लॉकर. ती डिस्कवरून वाचू देते, डिस्कवर लिहू देत नाही. हे एवढं महत्त्वाचं का, तर नेहमीच्या संगणकाला डिस्क नुसती जोडली तरी तो आपल्या सोयीसाठी तिच्यावर काहीबाही लिहून ठेवतो, तारखा बदलतो. मग डिस्कची इमेज घेतली जाते. दिसणाऱ्या फाइलींची ही कॉपी नव्हे. पहिल्या बिटपासून शेवटच्या बिटपर्यंत, पुसलेल्या आणि रिकाम्या समजल्या जाणाऱ्या जागेसकट सगळं उतरवून घेतलेलं असतं. मोठी डिस्क असेल तर तास न् तास जातात. शेवटी पडद्यावर दोन ओळी येतात, एक मुळाची आणि एक नकलेची. प्रत्येक ओळीत शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं मिळून ६४ चिन्हं. दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या असाव्या लागतात. त्या नोंदवहीत उतरतात, वेळ लिहिली जाते, सही होते. त्यानंतर मूळ डिस्क पुन्हा सीलबंद होते आणि सगळं काम नकलेवर चालतं.

त्या ६४ चिन्हांना हॅश म्हणतात. लाखो पानांच्या मजकुरातला एक स्वल्पविराम बदला, ओळ पार वेगळी येईल. जुन्या मराठी दफ्तरात लांबच लांब पत्रांसाठी कागदाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवत, तिथे पाठीमागे जोडावर शिक्का उठवत आणि मजकूर संपला की मोर्तब करत. शिक्का अर्धा एका पट्टीवर, अर्धा दुसरीवर. मधली पट्टी कुणी बदलली तर शिक्का फुटणार, शेवटी ओळ वाढवली तर ती मोर्तबाच्या बाहेर पडणार. हॅशचं काम तेच. पण मोर्तब पाहून इतिहासकार ज्या गोष्टीची खात्री देतो, तेवढ्याचीच खात्री हॅशही देतो. मोर्तब झाल्यावर मजकुरात फेरफार झाला नाही, इतकंच ते सांगतं. आतला मजकूर खरा की खोटा, आणि मोर्तब होण्याआधी त्या कागदाशी कुणी काय केलं, यावर ते गप्प असतं.

पनवेलकरांना याचा अनुभव वेगळ्या वाटेनं आला आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँकेत ६३ बनावट कर्जखात्यांमार्फत पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळवली गेली, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये रद्द केला. अशा प्रकरणात बँकेच्या संगणकाची इमेज बिनचूक निघेल, हॅश जुळेल, प्रत्येक नोंद आपल्या जागी असेल. तरी खात्यामागे कर्जदार खरा आहे का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर डिस्कच्या बाहेर शोधावं लागतं: अर्जावरच्या सहीत, पैसा पुढे कुठे गेला त्यात, आणि कुणाच्या लॉगिननं नोंद झाली आणि ते लॉगिन आणखी कोण वापरत होतं त्यात.

याच तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी तिथे वर्षानुवर्षं होते. त्यांपैकी फादर स्टॅन स्वामींना ऑक्टोबर २०२०मध्ये तिथेच ठेवलं गेलं, आणि ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात, कोठडीत असतानाच, त्यांचा मृत्यू झाला. या खटल्याचा मोठा भाग संगणकात सापडलेल्या पत्रांवर उभा आहे. आरोपींपैकीच एक असलेल्या रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घरावर पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी छापा घातला आणि लॅपटॉप जप्त केला. पुढे बचाव पक्षाला डिस्कची नक्कल मिळाली. अमेरिकन बार असोसिएशनच्या मदतीनं ती बॉस्टनच्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीकडे गेली. फेब्रुवारी २०२१मधल्या त्यांच्या अहवालानं सांगितलं की हा संगणक बावीस महिने कुणा हल्लेखोराच्या ताब्यात होता. जून २०१६मध्ये ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधून नेटवायर नावाचा घातक प्रोग्रॅम आत शिरला, एक लपवलेलं फोल्डर तयार झालं आणि त्यात पत्रं ठेवली गेली. त्या फोल्डरमधला शेवटचा बदल छाप्याच्या आदल्या दिवशीचा. पत्रं ज्या वर्डमध्ये तयार झाली ती आवृत्ती या लॅपटॉपवर नव्हतीच. विल्सन यांनी ती उघडून पाहिल्याची खूण मिळाली नाही. राष्ट्रीय तपास संस्थेला हा निष्कर्ष मान्य नाही. खटल्यात याचा निवाडा झालेला नाही. उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५मध्ये विल्सन यांना जामीन दिला, तो दीर्घ कारावास आणि लांबलेला खटला पाहून.

निवाडा न्यायालय करील. मला यात तपासाच्या पद्धतीविषयी एक गोष्ट फार मोलाची वाटते. छाप्याच्या क्षणी हॅश घेऊन आरोपीच्या हातात दिला असता, तरीही या वादाचा निकाल लागला नसता, कारण अहवालाचा दावा छाप्याआधीच्या काळाविषयी आहे. मोर्तबाच्या आधीचा काळ उलगडायला डिस्कच्या पोटातल्या बारीकसारीक नोंदी वाचाव्या लागतात: कुठला प्रोग्रॅम कधी चालला, फाइल कुठल्या वाटेनं आली, तारखा आपसांत जुळतात का. आणि हे शक्य झालं, कारण नक्कल दुसऱ्या पक्षाच्या हाती पोहोचली. सरकारी प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरा कुणीतरी, त्याच सामग्रीवर, वेगळ्या हत्यारांनी तपासू शकला. आर्सेनल बरोबर असो की चूक, त्यांनी वाट लिहून ठेवली आहे. तिसरा तज्ज्ञ त्या वाटेनं चालून पाहू शकतो. पुराव्याची खरी कसोटी मला इथे दिसते. जो आपल्या बाजूचा आहे त्याला तो पटतोच. ज्याला तो नको आहे त्याच्या हाती तो द्यावा, त्यानं तो उलटासुलटा करून पाहावा, आणि तरीही आकडे तेच यावेत.

कायदा मात्र या कसोटीपर्यंत फार वळणं घेत आला, आणि त्यातलं एक मोठं वळण जालन्याचं आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले. उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनची होती. खोतकरांचा अर्ज वेळेत पोहोचला का, हा वाद झाला. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी मागूनही दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं नोव्हेंबर २०१७मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२०च्या निकालानं देशभरासाठी नियम घालून दिला. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्र लागत नाही. नक्कल आणायची असेल तर ते अनिवार्य. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. पण ज्यानं प्रमाणपत्र मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि तरी ते देणारा देत नाही, त्याची अडवणूक कायदा करणार नाही. न्यायालयानं त्या निकालात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ६५-ब ज्या ब्रिटिश कलमावरून घेतलं, ते १९६८चं कलम ब्रिटननं स्वतः १९९५मध्ये मोडीत काढलं होतं. आपण पाच वर्षांनी, २०००मध्ये, ते आपल्या कायद्यात आणलं.

१ जुलै २०२४पासून ६५-बच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे किंवा जो पुरावा मांडतो आहे त्यानं भरायचा. दुसरा तज्ज्ञानं. दोन्ही भागांत हॅश लिहायचा आणि तो कुठल्या पद्धतीनं काढला यासमोर खूण करायची. छापील नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि इतर असे पर्याय आहेत. यातल्या एमडी-५मध्ये दोन वेगळ्या फाइलींना एकच हॅश आणता येतो हे २००४मध्ये, तर एसएचए-१मध्ये तसं करता येतं हे २०१७मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं आहे. तेव्हा आज जो तज्ज्ञ नुसत्या एमडी-५वर काम भागवतो, त्याचं वाचन जुनं झालं आहे असं समजायला हरकत नाही. दोन पद्धतींनी हॅश काढायला फारसा जादा वेळ लागत नाही.

इथवर आल्यावर सामान्य माणसाचा प्रश्न येतो. आपल्यावर वेळ आली तर जायचं कुणाकडे? कलिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा पोलिसांचं आणि न्यायालयांचं काम करते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला व्यापारी, कंटेनरची कागदपत्रं करणारं ऑफिस, सोसायटीची समिती, घटस्फोटाच्या दाव्यातली बायको यांना खासगी माणूसच शोधावा लागतो. आणि या क्षेत्रात पाटी लावायला फारसं काही लागत नाही. खासगी गुप्तहेर संस्थांचं नियमन करणारं विधेयक २००७मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली. त्याहून अस्वस्थ करणारं प्रकरण पुण्याचं. बिटकॉइन फसवणुकीच्या २०१८च्या तपासात पुणे पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना त्याच पोलिसांनी मार्च २०२२मध्ये अटक केली. त्यातला एक भारतीय पोलीस सेवेतला माजी अधिकारी होता. आरोप असा, की आरोपींच्या खात्यांतलं आभासी चलन तपासादरम्यान त्यांनीच वळतं केलं. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. पण पोलीस आयुक्तालयालाही तज्ज्ञ निवडणं सोपं जात नाही, हे यातून कळतं. कुलूप उघडता येणाऱ्याच्या हातात किल्ल्या देताना प्रत्येक किल्लीची नोंद हवी आणि ती नोंद त्याच्या स्वतःच्या हातची नसावी.

मालवाहतुकीच्या कुठल्याही ऑफिसात घडू शकेल असा प्रसंग घ्या. नेहमीच्या पुरवठादाराकडून बिलाचा मेल येतो, खाली ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी ओळ. पैसे जातात. आठवड्यानं पुरवठादाराचा फोन येतो, पेमेंट कुठे आहे? सगळ्यात आधी १९३० या क्रमांकावर तक्रार व्हायला हवी, कारण उशीर होत जाईल तसं पैसा अडवणं अवघड होतं. पण बहुतेक ठिकाणी त्याच दुपारी कुणीतरी ओळखीचा पोरगा येतो, व्हायरस असेल म्हणतो आणि मशीनला फॉरमॅट मारतो. हेतू चांगला असतो. पुरावा त्यानंच जातो. नव्या एसएसडी डिस्कमध्ये पुसलेला मजकूर परत मिळण्याची आशा आधीच कमी असते. वीज चालू असेपर्यंत डिस्क रिकाम्या जागा आपण होऊन साफ करत राहते. जाणकार माणूस आला तर तो मशीनला हात लावण्याआधी मेल खात्यातले नियम उघडून बघतो. तिथे बऱ्याचदा एक नियम सापडतो, जो मालकानं कधी केलेला नसतो: ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवा आणि इथला वाचलेला म्हणून बाजूला टाका. चोर दिवसेंदिवस पत्रव्यवहार वाचत बसलेला असतो. तो नियम रागाच्या भरात पुसून टाकायचा नसतो. आधी त्याची नोंद घ्यायची, लॉगिनच्या नोंदी उतरवून घ्यायच्या, कारण मेल कंपन्या त्याही ठरावीक दिवसच ठेवतात. पंचाईत अशी, की हे सगळं करणारा दिसायला कमी काम करतो. तो लिहीत जास्त बसतो. फोटो काढतो, वेळ टिपतो, घड्याळ बघतो, मशीनचं घड्याळ किती मिनिटं पुढेमागे आहे तेही उतरवतो. या टिपणांवरूनच मी माणूस ओळखेन.

अशा माणसाशी पहिल्याच भेटीत बोलताना काय सापडेल यापेक्षा काय सापडणार नाही, हे विचारावं. शंभर टक्के मजकूर परत आणून देतो म्हणणारा दुकानदार असेल, परीक्षक नव्हे. डेटा रिकव्हरीवाल्याचं कसब मोठं असतं, पण त्याचं ध्येय फाइल परत मिळवणं हे असतं. ती कशी मिळाली हे वर्षांनी न्यायालयात सांगणं त्याच्या कामात बसत नाही. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर सही कुणाची होणार, तो माणूस स्वतः काम करणार की बाहेर देणार, याआधी किती वेळा तो उलटतपासणीला उभा राहिला आहे, हेही विचारावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकार काही प्रयोगशाळांना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक म्हणून अधिसूचित करतं. खासगी तज्ज्ञाला ते स्थान नसतं, आणि त्यानं तसं आधीच सांगायला हवं. जो ते लपवतो, तो पुढे आणखीही काही लपवील.

आणि तो ‘नाही’ म्हणतो का, हे पाहावं. नवऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप प्रोग्रॅम टाकून द्या, म्हणणाऱ्या बाईचं दुःख खरं असू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये पती-पत्नींनी एकमेकांचं केलेलं गुप्त ध्वनिमुद्रण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घ्यायला मुभा दिली. पण त्यावरून दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीवाचून शिरायची मोकळीक मिळते, असा अर्थ काढायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं तिथेच आहेत. असं काम घेणारा तज्ज्ञ त्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्याजवळ नेतो. कुणाचे कॉल रेकॉर्ड मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या बाबतीत तर विचारच करायला नको. तो उठून जाईपर्यंत काही बोलू नये.

कामाची व्याप्ती लेखी ठरवण्यावर मी फार भर देईन, आणि तो भर वकिली कारणासाठी नाही. एका फोनच्या इमेजमध्ये माणसाचं अख्खं आयुष्य असतं: आजारपणाचे रिपोर्ट, मुलीचे फोटो, आईशी झालेली भांडणं, पुसून टाकलेले निरोप. मालकाला संशय आहे तो दरपत्रकं प्रतिस्पर्ध्याला पाठवल्याचा. मग शोध दरपत्रकांचा व्हावा, त्या तारखांमध्ये व्हावा, आणि वाटेत दिसलेली बाकीची पानं न वाचता मिटावीत. हे शब्द करारात हवेत. काम संपल्यावर इमेज कुणाकडे राहणार, किती वर्षं, कुठल्या कुलपात आणि शेवटी ती नष्ट झाल्याचं कोण लिहून देणार, हेही हवं. आपल्याकडे मालक डिस्क परत मागतो आणि समाधान मानतो. तज्ज्ञाच्या कपाटात राहिलेली नक्कल त्याच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक कलम मी त्या करारात घालेन, आणि बहुतेक गिऱ्हाइकांना ते आवडणार नाही. ज्या कर्मचाऱ्यावर आरोप आहे त्याला इमेज घेताना हजर राहायची संधी द्यावी. हॅशची ओळ छापून तिच्यावर त्याची सही घ्यावी आणि एक प्रत त्याच्या हातात द्यावी. त्यानं मागितली तर इमेजची सीलबंद नक्कलही, त्याच्या वकिलामार्फत, त्याला मिळावी. पैसे मालक देतो, मग त्याच्या शत्रूला हत्यार का द्यायचं, असं कुणी म्हणेल. पण कर्मचारी निर्दोष असेल तर ते सिद्ध करायचं साधन त्याच्याजवळ दुसरं कुठलं आहे? आणि तो दोषी असेल, तर त्याच्या तज्ज्ञालाही त्या नकलेवर तीच ६४ चिन्हं मिळतील.